मराठीतून मराठीत

आई आणि मावशी बोलत नाहीत. तशा दोघी भरपूर बोलतात. आई फोनवर बोलते, कुंडीतल्या झाडांशी बोलते, टीव्हीतल्या बाईला "अगं, मागे बघ" म्हणून सावध करते. मावशी तर झोपेतही बोलते, असं काका सांगतात. फक्त एकमेकींशी बोलत नाहीत. तीन वर्षं झाली.

कारण सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटेल दागिन्यांवरून असेल. आजी गेली तेव्हा मावशी परदेशात होती आणि आईने तिला ते दुसऱ्या दिवशी कळवलं, सगळं उरकल्यावर. मावशीचं म्हणणं, माझी आई गेली हे मला दूधवाल्याच्याही नंतर कळलं. आईचं म्हणणं, मी एकटीने सगळं निस्तरलं आणि वर मलाच जाब. दोघींचंही खरं आहे. ही फार वाईट गोष्ट आहे. एकीचं जरी खोटं असतं तरी मी कधीच बाजू घेऊन मोकळी झाले असते.

काकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्याने, यावर तोडगा काढला. ते पुलांची गणितं करतात, त्यामुळे दोन टोकं सुटी दिसली की त्यांना राहवत नाही. त्यांनी आईला फोन करून सांगितलं, ताई, ती तुमची फार आठवण काढते हो, एकदा या. मग मावशीला सांगितलं, ताईंची फार इच्छा आहे यायची, नाही कसं म्हणू. दोन्ही थापा. एक सोबत म्हणून मलाही बोलावलं. आम्ही विमानतळावर उतरलो तेव्हा दोघी सामानाच्या पट्ट्याजवळ एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. जिने बोलावलंय ती आधी बोलेल, असं आईला वाटत होतं. जी आपणहून आली आहे ती आधी बोलेल, असं मावशीला. दोघींनी वाट पाहिली. सामान आलं, शब्द आला नाही.

काकांना त्याच दिवसापासून ऑफिसात फार काम निघालं.

राहिले मी. तीन वर्षं फोनवरून दोघींचे निरोप मीच पोचवत होते. मी एका कंपनीच्या तक्रार विभागात आहे. दिवसभर एकाचं ऐकून दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्याचं ऐकून पहिल्याला, आणि दोघांच्या शिव्या खायच्या. साठवून ठेवलेली रजा टाकून, विमानात बसून, समुद्र ओलांडून मी तेच करायला आले होते. फरक एवढाच की ऑफिसात जेवणाची सुट्टी मिळते.

अबोला धरणं हे काम आमच्याकडे नीट केलं जातं. रुसून दार लावून बसणं वगैरे पोरकटपणा नाही. एकत्र राहायचं, एकत्र जेवायचं, समोरचीच्या चहात साखर किती हे विसरायचं नाही, आणि मध्ये एक माणूस ठेवायचा. आई म्हणणार, "तिला सांग." मावशी म्हणणार, "तुझ्या आईला विचार." दोघींमध्ये हातभर अंतर. एकीचं बोलणं दुसरीला लख्ख ऐकू जातं, पण मी ते पुन्हा उच्चारेपर्यंत ते पोचलं असं धरत नाहीत. पहिल्याच सकाळी मावशीची बाही गॅसच्या जवळ गेली. आई मला म्हणाली, तिला सांग, बाही. मी दात घासत होते. मावशीने बाही मागे घेतली नाही. तिने ऐकलं होतं, बाहीकडे ती बघतही होती, पण निरोप अजून यायचा होता. मी धावत जाऊन फेसासकट निरोप दिला तेव्हा कुठे हात मागे गेला. त्या बाहीला तपकिरी कड आली ती आली.

लेकी बोले सुने लागे म्हणतात. त्या म्हणीत लेकीचं पुढे काय होतं ते कुणी सांगत नाही. लेकीचं डोकं दुखतं.

परतीच्या आदल्या दिवशी सकाळी आई बॅग भरत होती. साड्यांच्या घड्या ती अशा घालत होती जणू प्रत्येक साडीने तिचं काहीतरी वाकडं केलंय. घड्या घालता घालता तिने जाहीर केलं, की या घराची पायरी मी आता जन्मात चढणार नाही. घर पाचव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट आहे, पण ही वेळ नव्हती. हा निरोप मी पोचवला नाही. तरी पलीकडच्या खोलीत मावशीने कपाटाचं दार इतक्या जोरात लावलं, की पोचपावती मिळाली.

काकांनी मला बाहेरच्या व्हरांड्यात गाठलं. त्या दिवशी त्यांनी सुट्टी घेतली होती. म्हणाले, आज चौघं एका टेबलावर जेवू. दोघी मिळून बाजार करतील, दोघी मिळून रांधतील. हाताला काम लागलं की तोंड सैल होतं. मी विचारलं, आणि नाही झालं तर? काकांनी समोरच्या पार्किंगकडे पाहिलं.

"नाही झालं तर पुढच्या वेळी भेटतील तेव्हा दोघींपैकी एक भिंतीवर असेल," ते म्हणाले. "हार घातलेली."

एवढं बोलून त्यांनी गाडीच्या किल्ल्या उचलल्या. घरात भांडणाचा वास आला की काकांना गाडी धुवायची असते. त्या गल्लीत इतकी स्वच्छ गाडी दुसरी नाही.

दुकान विमानतळाएवढं होतं. आत शिरल्यावर आईने पहिल्यांदा भाज्यांकडे पाहिलं आणि तिचा जीव हळहळला. एकेक काकडी वेगळी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, जणू प्रत्येकीला संसर्गाचा धोका. आईने एका काकडीला वरून दाबून पाहिलं, आणि बोट लावून काहीच कळत नाही म्हटल्यावर ती परत ठेवून हात पदराला पुसला. मावशीने तेवढ्यात बटाट्यांची एक बांधलेली पिशवी न बघता ढकलगाडीत टाकली. आईने मला सांगितलं, तिला सांग, बटाटे बघून घ्यायचे असतात. मावशीने सांगितलं, तुझ्या आईला सांग, इथे सगळे सारखेच असतात. आईने सांगितलं, तिला सांग, सारखं जगात काही नसतं. मग आईने सुट्ट्या बटाट्यांच्या ढिगातून एकेक उचलून, डोळे बघून, वजन तोलून दुसरी पिशवी भरली. चार माणसांच्या जेवणासाठी आमच्याकडे आता बटाट्यांची दोन घराणी झाली होती.

मग टोमॅटो आले. आईला विचारायचं होतं की हे आंबट आहेत का. डाळीत घालायचे तर आंबट हवेत. हा प्रश्न त्या दुकानाच्या इतिहासात कुणी विचारला नसावा. तिथली भाषा आमच्यात फक्त मावशीला येते. त्यामुळे आईने मला विचारलं, मी मावशीला विचारलं, मावशीने हिरवा एप्रन घातलेल्या एका उंच माणसाला विचारलं. तो बराच वेळ विचार करून बरंच बोलला. मावशीने ते मला मराठीत सांगितलं. आई माझ्या शेजारी उभी होती, तिने ते पहिल्याच फेरीत ऐकलं होतं, तरी ती माझ्या तोंडाकडे बघत थांबली. मी पुन्हा सांगितलं. मग आईचा उपप्रश्न निघाला, की आंबट म्हणजे किती. आम्ही पुन्हा ओळीने निघालो.

तिसऱ्या फेरीला तो एप्रनवाला माझ्याकडे बोट दाखवून मावशीला काहीतरी विचारू लागला. मावशीने ओठ घट्ट मिटले. हसू दाबायला की राग, मला कळलं नाही. मला म्हणाली, तो विचारतोय, तू कुठल्या भाषेतून कुठल्या भाषेत सांगतेस.

"सांग त्याला," मी म्हटलं, "मराठीतून मराठीत."

तिने सांगितलं. त्या माणसाने अतिशय आदराने मान हलवली आणि हे काम अवघड असतं का, असं विचारलं. मी म्हटलं, व्याकरण सोपं आहे. मग त्याने खिशातून चाकू काढला, एक टोमॅटो मधोमध कापला आणि एक फोड आईला, एक मावशीला दिली. आमच्या दोन आठवड्यांच्या मुक्कामात इतका शहाणा माणूस दुसरा भेटला नाही. आईने फोड खाल्ली आणि म्हणाली, तिला सांग, आंबट आहे. मावशीने खाल्ली आणि म्हणाली, तुझ्या आईला सांग, जराही नाही.

एकच टोमॅटो. मी स्वतः कापताना पाहिला होता.

माझा पारा इथे चढायला लागला. उतू गेला तो पुढे, बिलाच्या रांगेत. तिथे सरकत्या पट्ट्यावर सामान ठेवायचं असतं आणि एका गिऱ्हाइकाचं सामान संपून दुसऱ्याचं कुठे सुरू होतं हे दाखवायला एक प्लॅस्टिकची दांडी असते. आईने आपले बटाटे, आपले टोमॅटो, आपली मसूर डाळ मांडली आणि ती दांडी उचलून मावशीच्या सामानापुढे ठेवली. मावशीने दांडी काढली. आईने परत ठेवली. मावशीने काढून ती स्वतःच्या हातातच धरली. आईने शेजारच्या रांगेतली दांडी आणली. बिल करणारी मुलगी एकदा ह्यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत बसली. मागे रांग वाढत चालली होती. एक आजोबा पाव छातीशी धरून उभे होते, त्या पावाची ताजेपणाची मुदत माझ्या डोळ्यांदेखत संपत होती.

मी दोन्ही दांड्या काढून घेतल्या. एक या हातात, एक त्या हातात. लोकांना वाटलं असेल आता लेझीम होणार.

"आजपासून टपाल बंद," मी म्हटलं. "मी कुणाचं काही कुणाला सांगणार नाही. ज्याला तोंड आहे त्याने वापरावं."

आई म्हणाली, तिला सांग, पोरीला ऊन लागलंय. दुकानात एसी होता. मावशी म्हणाली, तुझ्या आईला सांग, भूक लागलीय तिला, पित्त चढतं तिचं. मी दोन्ही निरोप तिथेच पट्ट्यावर सोडून दिले आणि पिशव्या उचलल्या. दोन्ही घराण्यांचे बटाटे मलाच वाहावे लागले. गाडी धुवायला गेलेली होती.

मावशीचं स्वयंपाकघर म्हणजे दोन बायका एकाच वेळी रागावू शकणार नाहीत एवढं लहान. एका भिंतीला गॅस आणि ओटा, दुसऱ्या भिंतीला सिंक, मध्ये एक माणूस वळेल एवढी जागा, आणि दारात एक स्टूल. मी संपावर स्टुलावर बसले.

आणि बघते तर काय, दोघींना माझी गरजच नव्हती. आईने हात मागे केला, मावशीने त्यात झाकण ठेवलं. मावशी बटाटे चिरत होती, सालांचा ढीग वाढला की आई न बघता ताटली पुढे सरकवत होती. डाळ उतू जायला आली की जी जवळ असेल ती आच कमी करत होती. कांदा दोघीही सारख्याच चिरतात, आधी उभा, मग बोटं आत दुमडून आडवा. एकाच ओट्यापाशी, एकाच बाईचा धपाटा खाऊन शिकलेल्या. हातांनी अबोला धरलाच नव्हता. कुणाला हे बघून भरून आलं असतं. मला संताप आला. हात इतके शहाणे असताना मी तीन वर्षं कशाला राबते आहे?

तेवढ्यात मावशी मला म्हणाली, कोथिंबीर राहिली. हे थेट मलाच होतं, संपात बसत नव्हतं. मी आनंदाने उठून गेले. जाताना हेही मनात आलं, की या दोघींना एकटं सोडलं तर एकतर बोलतील, नाहीतर एकीला दवाखान्यात न्यावं लागेल. दोन्हीकडे निकाल लागेल.

मी परत आले तेव्हा डाळ सगळीकडे होती.

अपघात झाला असं समजू नका. नीट वाढून ठेवलेली होती. मोठ्या पातेल्यात होती, कुकरमध्ये होती, कणीक मळायच्या परातीत होती, आणि सरबताचा जो काचेचा जग पाहुण्यांसाठी ठेवतात, त्यातही वरपर्यंत होती, वर एक टोमॅटोची फोड तरंगत. मी चार माणसं जेवणार असं धरून गेले होते. इथे पंगतीची तयारी होती. दोघी पोळ्या करत होत्या, एक लाटत, एक भाजत, आणि दोघींचे चेहरे गणपतीच्या मूर्तिकाराने डोळे रंगवायचे ठेवून दिल्यासारखे कोरे होते.

काय घडलं ते मी नंतर तिघांकडून वेगवेगळं काढून घेतलं. आमच्या विभागात अशीच पद्धत आहे. आईने डाळीत मीठ घातलं तेव्हा मावशी पाठमोरी तांदूळ धूत होती. मग आई कणीक मळायला लागली. मावशी वळली, डाळ रटरटत होती, आईचे हात पिठात. मीठ राहिलं असणार, असं तिला वाटलं. विचारावं तर निरोप्या कोथिंबिरीला गेलेली. तिने घातलं. तेवढ्यात काका गाडी धुऊन आले, आत डोकावले, दोघी गप्प बघून त्यांना वाटलं आपणही काहीतरी मदत करावी. त्यांनीही घातलं. घरात शांतता असली की काहीतरी राहून गेलंय असं वाटतं मला, असं ते म्हणाले.

मावशी भाताकडे वळल्यावर आईने चव घेतली. चेहऱ्यावर काही न दाखवता पाणी वाढवलं, आणि पाणी वाढलं म्हणून पुन्हा चिमूटभर मीठ. आईची पाठ फिरल्यावर मावशीने चव घेतली. तिने दोन बटाटे सोडले, आणखी डाळ शिजवून ओतली, आणि डाळ वाढली म्हणून पुन्हा चिमूटभर मीठ. आईने टोमॅटो घातले. मावशीने भांडं बदललं. दोघीही एकेकट्या, चोरून, समोरचीला कळू न देता, त्या डाळीचा जीव वाचवत होत्या. डाळ वाढत गेली आणि मीठ तिच्या मागोमाग चालत राहिलं, लग्नातल्या करवलीसारखं.

आम्ही जेवायला बसलो. टेबल गोल होतं, त्यामुळे कोण कुणाच्या समोर आणि कोण कुणाच्या शेजारी, हे कुणाला कबूल करावं लागलं नाही. काकांनी पहिला घास घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते भावनेचं आहे असं त्यांनी दाखवलं आणि म्हणाले, वा.

आईने घास घेतला, चावला, गिळला.

"तिला सांग," ती मला म्हणाली, "मीठ हात राखून घालावं."

मी भात कालवत राहिले.

"तुझ्या आईला सांग," मावशी म्हणाली, "मी पहिल्यांदा एकदाच घातलं."

मी पाणी प्यायले. काका घसा खाकरून म्हणाले, ताई, ती म्हणतेय की. पुढचं वाक्य होण्याआधी मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. पुलांची गणितं करणारा माणूस, वजन कुठे पडतंय ते त्याला लगेच कळलं.

दोन निरोप टेबलावर पडून होते आणि कुणी उचलत नव्हतं. दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी पोळीचा तुकडा तोडला आणि तो भाजीत इतका वेळ घोळवला की भाजी संपायला आली. कुणीतरी हरणार होतं. मी हरायचं नाही असं मी ठरवलं होतं.

मग मावशीने मान वळवली. तीन वर्षांत ती मान त्या दिशेला वळली नव्हती. मला वाटलं, दाराच्या बिजागरीसारखा आवाज येईल.

"ताई," ती म्हणाली, "मी एकदाच घातलं होतं."

आईचा हात ताटात थांबला. पण आई कसली, तिने एका श्वासाचीही उसंत घेतली नाही. "मग विचारायचं. मीठ घातलं का. तीन शब्द."

"तू सांगायचं. तू आधी घातलंस ना? मग घातलं म्हणून सांगायला काय जिभेला फोड आला होता?"

"तुला दिसलं नाही?"

"नाही दिसत मला," मावशी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता, आणि ते जास्त वाईट होतं. "मला इथून काही दिसत नाही, ताई. कुणी सांगितलं तरच कळतं. तू डाळीत मीठ घातलेलं सांगत नाहीस, आई गेलेली सांगत नाहीस."

काका उठायला लागले. मी म्हटलं, बसा, गाडी स्वच्छ आहे. ते बसले.

"मी फोन केला होता त्या दिवशी," मावशी म्हणाली. "तू उचललास. मी विचारलं, आई कुठे आहे. काय म्हणालीस तू?"

आईने ताटातला भात एका बाजूला सारला.

"सांग ना. तुझ्या पोरीसमोर सांग. म्हणालीस, झोपली आहे. आणि मी मूर्ख, मी काय म्हटलं? मी म्हटलं, मग उठवू नकोस तिला."

तिने टेबलावर हात आपटला. सरबताच्या जगातली डाळ हिंदकळून टेबलक्लॉथवर आली. हे मला माहीत नव्हतं. काकांना माहीत होतं, त्यांच्या खाली गेलेल्या मानेवरून कळलं. तीन वर्षं मी या दोघींचे निरोप पोचवत होते आणि हा एक माझ्या हातात कुणी कधी दिला नव्हता.

"आणि मग मी तयार होऊन दुकानात गेले," मावशी म्हणाली. "त्याच दुकानात. घरी लोक जेवायला येणार होते. मी अर्धा तास कलिंगड वाजवून बघत होते, ताई. कलिंगड."

"मग काय सांगायला हवं होतं तुला?" आई उभी राहिली. आई उभी राहून भांडते, बसून तिला जमत नाही. "आतल्या खोलीत ती होती. बाहेर माणसं चपला काढत होती. बर्फ कोण आणणार यावरून दोघं हुज्जत घालत होते. फोन वाजला तो मी कुणाचाही असेल म्हणून उचलला, आणि तू हसत होतीस. नव्या घराला दोन खिडक्या आहेत म्हणून सांगत होतीस. दोन दोनदा सांगितलंस, ताई, दोन खिडक्या. माझ्याने ते हसू मोडवेना. मला त्या वेळेला जगात एक तरी माणूस हवं होतं ज्याची आई अजून आहे."

मावशीने तोंड उघडलं. आईने तिला संधी दिली नाही.

"आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं तेव्हा काय विचारलंस तू? ताई, तू कशी आहेस, विचारलंस? जेवलीस का, विचारलंस? विचारलंस, मला का नाही सांगितलं. मला. तुझं आपलं मला, मला. आणि माझं कोण होतं तिथे?"

"तुला ठरवायचा काय अधिकार होता?"

"मोठी आहे मी."

"मोठी असशील. आई दोघींची होती."

 उत्तर नसलं की आई दुसरं भांडण काढते. तिने मावशीने लहानपणी तिच्या कंपासपेटीतलं कर्कटक मोडून गुपचूप परत ठेवल्याचं काढलं. मावशीने आईने तिच्या परकराला मुद्दाम शाई लावल्याचं काढलं. मग ताप आलेला असताना कुणाला जास्त मोसंबी मिळाली ते निघालं. दोघीही आता उभ्या होत्या. मग आई म्हणाली, तू बोलावलंस म्हणून मी एवढ्या लांब तंगड्या तोडत आले. मावशी म्हणाली, मी? तुला यायचं होतं म्हणून मी हो म्हटलं.

दोघी थांबल्या. दोघींनी काकांकडे पाहिलं.

काकांनी डाळीचा घास घेतला. पूर्ण वाटी प्यायले ते, मान वर न करता. माणसाने शिक्षा स्वतःहून भोगायला घेतलेली मी पहिल्यांदा पाहिली. पण त्याने काही सुटका झाली नाही. पुढची दहा-पंधरा मिनिटं दोघींनी मिळून त्यांना धुतलं, त्यांच्या गाडीहूनही स्वच्छ. मध्येच मावशीला मी आठवले. म्हणाली, आणि तू गं, बसलीस ती मूग गिळून, सांगायला काय झालं होतं तुला? आई म्हणाली, बघ ना, एरवी जीभ कशी चुरूचुरू चालते. दोघींचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालेलं माझ्या आठवणीत हे पहिलंच. ते माझ्यावर झालं.

भूक मात्र सगळ्यांना लागली होती आणि ती डाळ खाण्यासारखी नव्हती. आई स्वयंपाकघरात गेली. मावशी तिच्या मागे गेली, भांडत. नवीन डाळ लागली. अधिकार, बर्फ, खिडक्या, कर्कटक, सगळं पुन्हा पहिल्यापासून झालं, यावेळी कुकरच्या शिट्ट्यांवरून आवाज काढून. मी दारातल्या स्टुलावर बसले होते. मला कुणी काही सांगितलं नाही, कुणी काही विचारलं नाही.

"मीठ घालते आहे," आई ओरडली.

"घाल. बघते आहे."

"घातलं."

"कळलं."

आईने चमचा आपटून ठेवला. मावशीने तो उचलून धुतला आणि ती पुन्हा म्हणाली, की तू मला उठवायला हवं होतंस. आई म्हणाली, तुला? मावशी म्हणाली, मला. आईने डाळ ढवळली. मग ती म्हणाली, की ती डाळ खाली लागेल, आच कमी कर. मावशीने केली.

माफी कुणी मागितली नाही. तुम्ही त्याची वाट बघत असाल तर सामानाच्या पट्ट्याजवळ जाऊन उभे राहा.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर दोघी गाडीतून उतरतानाच भांडत होत्या. काका गाडीतच बसून राहिले, काच वर करून. आत जायच्या दारापाशी आईने मावशीकडे पाहिलंही नाही, ती पिशवीत चष्मा शोधत होती. चष्मा डोक्यावर होता. मावशीने तो काढून तिच्या हातात ठेवला.

"पोचलीस की सांग," मावशी म्हणाली.

"सांगते."

"लगेच सांग. दुसऱ्या दिवशी नको."

आईने चष्मा लावला. मला वाटलं, आता पुन्हा बर्फापासून सुरू होणार. पण आई फक्त म्हणाली, "लगेच सांगते," आणि दारातून आत गेली.

विमानाची चाकं टेकली आणि पट्टे बांधायचा दिवा विझायच्या आत आईने फोन लावला. हवाई सुंदरी तिच्याकडे डोळे वटारून बघत होती. मी खिडकीकडे तोंड केलं.

"पोचले," आई म्हणाली. मग थोडं ऐकून घेतलं, आणि तिचा आवाज चढला. "डाळ उरली तर मी काय करू? तूच भांडी बदलत होतीस. नाही, तू ऐक. आधी माझं ऐक."

मी बॅगा उतरवायला उठले. दोन्ही मलाच उतरवाव्या लागल्या.